काळी उमटलेली पानं

इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव पाचोळाकाकू ठेवलं आणि मग थोरांनीही तेच उचललं. नावात खोटं काही नव्हतं. रोज सकाळी सातला त्या कापडी पिशवी घेऊन खाली उतरायच्या आणि रस्त्याच्या कडेनं वाकत वाकत जायच्या. रस्ता झाडणारी बाई सुरुवातीला खूश झाली, की चला, आपलं काम कुणीतरी हलकं करतंय. चार दिवसांत तिला कळलं, की ही बाई शंभर पानं उलटीपालटी करून बघते, एक उचलते आणि नव्व्याण्णव तिच्यासाठीच ठेवते.

काकूंची निवड मोठी कडक. कीड लागलेलं पान नको, फार कोवळं नको, देठ तुटलेला नको. निलगिरी, गुलाब, डाळिंब आणि एरंड ही त्यांची घरची मंडळी. बाकीची पानं पाहुणी, एकदा करून बघायची आणि नाही जमलं तर निरोप द्यायचा. ही पानं कापडावर उमटवायची, हा त्यांचा उद्योग. त्यात रंग नाही, ब्रश नाही, साचा नाही. पानाच्या पोटात जे काही असेल ते पान कापडाला देतं.

त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी एका दुकानात गिऱ्हाइकांना कापड मोजून फाडून दिलं होतं. डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायच्या, की हे सुती, हे रेशीम, आणि हे मेलं भेसळीचं, ह्याच्यावर पान धरायचं नाही. ते दुकान बंद झालं आणि काकू घरी बसल्या. हाताला काम नसलं की माणूस भांड्यांवर राग काढतं. त्यांच्या घरातल्या निम्म्या पातेल्यांना त्या वर्षी पोचे आले. मग कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी एका बाईला पानं छापताना पाहिलं आणि घरी येऊन कापड भिजत घातलं ते घातलंच.

काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. कापड सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची खळ काढायची, तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, पिळून टेबलावर पसरायचं. त्यावर पानं मांडायची, पाठ खाली करून, कारण खरी नक्षी पानाच्या पाठीवर असते. वरून दुसरं कापड घालून सगळं एका पाइपवर गुंडाळायचं आणि सुतळीनं असं आवळायचं, की बोटांवर वळ उठले पाहिजेत. मग दोन तास वाफेवर. आणि मग थंड होईपर्यंत थांबायचं, जे काकूंना साता जन्मांत जमलं नसतं. कितीदा तरी घाईनं सोडून बसायच्या आणि फिसकटलेली पानं बघून दिवसभर स्वतःलाच बोलायच्या.

एवढं करून हाती लागायचं ते फिकट पिवळं नाही तर फिकट तपकिरी काहीतरी. आठ वर्षं हेच. लोक "नाजूक आहे हो" म्हणायचे आणि घडी करून परत द्यायचे. नवरा कारखान्यात लेथवर जन्म घालवून निवृत्त झालेला. त्याची जीभ लेथसारखीच चालायची. तो कापड उजेडात धरून विचारायचा, "हे पान आहे, का पानाचं भूत?"

गडद रंगाची युक्ती ह्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असते. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस बुडवायचे आणि ते पाणी कापडाला लावायचं. लोखंड भेटलं की पानातला तुरटपणा काळा पडतो. काकूंनी सुरुवातीला एकदा केलं होतं. रेशमाचा तुकडा सुरेख काळा निघाला आणि वर्षभरात घडीवर विरला. बोट लावलं तर आरपार. लोखंड कापड खातं. त्या दिवशी त्यांनी खिळ्यांची बरणी घराबाहेर काढली ती पुन्हा आत येऊ दिली नाही.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे काकूंची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. काकू नवऱ्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर, आणि वन्सं एकट्या चौथ्यावर, सगळ्यात वरच्या एका खोलीत. लग्न केलं नाही. तीस वर्षं शिवणकाम केलं आणि त्यावर ती खोली घेतली. खोलीच्या बरोब्बर डोक्यावर अख्ख्या इमारतीच्या पाण्याची सिमेंटची टाकी होती. खोलीला उजेड मात्र असा, की दुपारी तीनला सुईत दोरा ओवावा. त्या उजेडापायी काकूंनी एकदा जीभ उचलली आणि टाळ्याला लावली: "वन्सं, तुम्ही आमच्याकडेच राहायला या ना, मी वर टेबल मांडते." वन्सं सहा महिने बोलल्या नाहीत. पुढे बोलायला लागल्या, पण खोलीचा विषय निघाला की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबायच्याच.

तरी काकूंच्या कापडांचे काठ वन्संच शिवायच्या. तोंडानं कुरकुर करायच्या आणि हातानं असा बारीक काठ दुमडायच्या, की टाका शोधावा लागे.

त्या वर्षी एके दिवशी काकूंनी गुंडाळी सोडली आणि त्या खुर्चीतच बसल्या. निलगिरीची पानं काळीभोर उमटली होती. शीर न् शीर, काठावरचा कुरतडलेला भाग, एका पानावर अळीनं काढलेली वाट, सगळं काजळाच्या बोटानं रेखल्यासारखं. खिळ्यांचं पाणी नव्हतं, नवीन झाड नव्हतं. दुसरी गुंडाळी तशीच, तिसरीही तशीच. नवऱ्यानं कापड उजेडात धरलं, उलटून पुन्हा धरलं. मग म्हणाला, "भुताला देह मिळाला म्हणायचा."

काकूंना वाटलं, हात बसला. आठ वर्षांनी का होईना, बसला. ह्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं कापड फाडलेल्या बाईला स्वतःचं काहीतरी चांगलं निघालं, तर ती कारण कशाला शोधेल.

गावातल्या मोठ्या दुकानाची मालकीण आजवर त्यांचे एकदोन स्टोल भिडेखातर ठेवून घ्यायची. हे काळे स्टोल तिनं हातात घेतले ते खाली ठेवले नाहीत. "मला असे चाळीस हवेत," ती म्हणाली. "हाच काळा. तीन महिन्यांनी दुकानाची दर्शनी काच फक्त तुमची. वर तुमचं नाव लावते, मोठ्या अक्षरांत." काकू घरी चालत आल्या, वाटेत दोनदा रस्ता चुकल्या.

त्याच सुमारास वन्संची कुरकुर वाढली. पांढरे टॉवेल पिवळे पडायला लागले. चूळ भरली की जिभेवर खिळा ठेवल्यासारखं लागायचं. आणि खाटेच्या वर छताला एक तपकिरी डाग आला होता, आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. सकाळी चादरीवर सिमेंटची भुकटी सापडायची. त्यांनी इमारतीच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष वर आले, मान वर करून डागाकडे बघितलं आणि म्हणाले, "ओल आहे. रंगकाम काढू तेव्हा जाईल." काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात तेव्हा काठाला काळा दोरा घ्यावा की करडा, एवढंच होतं.

सव्विसावं कापड झालं त्या आठवड्यात दुकानाच्या मालकिणीनं काकूंना घरी बोलावलं. तिच्या सहा मैत्रिणींना काम दाखवायचं होतं. काकूंनी आपलंच कापड नेलं, आपलीच पानं, आपलीच तुरटी, पाइपसुद्धा आपलाच. दोन तासांनी गुंडाळी सोडली आणि बघतात तर तेच जुनं फिकट भूत. बायका भल्या होत्या, "नाजूक आहे हो" म्हणाल्या. काकूंनी पानं जून झालीत असं सांगून वेळ मारून नेली. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

परत येताना मात्र डोकं चालायला लागलं. कापड तेच, पानं तीच, हात तेच. त्या घरातलं काय वेगळं होतं? फक्त पाणी.

दुसऱ्या दिवशी नवरा बाहेर गेल्यावर काकूंनी तळमजल्याच्या हौदातून एक बादली पाणी जिन्यानं वर आणलं. शहराचं पाणी आधी त्या हौदात पडायचं आणि तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढायचं. एकाच कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या. एक हौदाच्या पाण्यात, एक घरच्या नळाच्या. दोन पातेली, दोन शेगड्या. ह्या वेळी गुंडाळ्या पुऱ्या थंड होईपर्यंत त्या शहाण्यासारख्या थांबल्या. हौदाची पट्टी फिकट. नळाची काळी.

म्हणजे लोखंड टाकीत होतं. लेथवाल्याच्या बायकोला ह्याहून जास्त कुणी समजावून सांगायला नको होतं. सिमेंटच्या पोटात सळया असतात. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की सिमेंट फोडते. गॅलरीच्या कठड्याला चीर गेली तेव्हा नवऱ्यानं हे शंभरदा ऐकवलं होतं. आणि त्या फुटणाऱ्या टाकीखाली तपकिरी डाग होता, आणि डागाखाली वन्संची खाट. हे सगळं काकूंना त्या दोन पट्ट्या हातात धरून, सकाळी अकरा वाजता, लख्ख कळलं.

आता ह्यापुढचं त्यांना कळलं नाही असं कुणी म्हणू नये. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो तासाभरात गच्चीवर हातोडी घेऊन पोचला असता, संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली असती आणि आठवड्यात फोडली असती. मग नळाला हौदाचं पाणी, आणि कापडावर पुन्हा भुतं. चौदा कापडं राहिली होती.

त्यांनी वाटा शोधल्या, शोधल्या नाहीत असं नाही. टाकी फोडली तरी पुरावं म्हणून तिचं पाणी दोन पिंपांत भरून ठेवलं. तीन दिवसांत गंज तळाला बसला आणि वरच्या पाण्यानं पानं फिकट आली. शेवटी स्वतःचा नियम मोडून खिळ्यांची बरणीही पुन्हा घातली. तो काळा डांबरासारखा निघाला, शिरा बुजल्या. हवा तो काळा टाकीतूनच येत होता. मग त्यांनी पट्ट्या कपाटात वर्तमानपत्राखाली सारल्या आणि मनाशी म्हणाल्या, तीस वर्षं उभी आहे, अजून एक महिना उभी राहील. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्यालाही असंच काहीतरी वाटत असणार.

पण मन खात होतं. म्हणून त्या वर गेल्या.

"वन्सं, काही दिवस खाली झोपायला या ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या दादालाही बरं वाटेल."

वन्संनी सुई थांबवली. "पुन्हा खोलीवर डोळा का?"

"खोलीचं नाव तरी काढलं का मी?"

"तू ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली. मी इथेच बरी आहे, वहिनी."

"बरं, मग खाट तरी त्या डागाखालून काढा. अंगावर भुकटी पडते, खोकला लागेल."

हे वन्संना पटलं. दोघींनी मिळून खाट ओढत खिडकीशी नेली. काकूंनी चादर झटकली, उशी ठेवली आणि त्या खाली आल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. माणूस निजतं तिथून हलवलं, आता धोका कसला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी त्यांना भूकसुद्धा लागली.

पुढचे पंधरा दिवस कामात गेले. कापडं दिवसेंदिवस अधिक काळी येत होती. आधी नुसती पानं काळी यायची, आता पानांभोवतीचं मोकळं कापडही धुरकट व्हायला लागलं. ते बघून काकूंना वरची टाकी आठवायची, आणि तरी कापड सुंदर दिसायचं. दोन्ही एकदम व्हायचं. तयार झालेलं कापड त्या वन्संकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवायच्या; स्वतः वर जायचं त्या टाळत होत्या.

बत्तिसावं कापड घेऊन मात्र त्यांना स्वतःलाच जावं लागलं. दार उघडंच होतं. वन्सं मशीनवर वाकून बसल्या होत्या, आणि मशीन खोलीच्या मधोमध, त्या डागाखाली होतं. डाग आता ताटात मावण्यासारखा राहिला नव्हता. त्याच्या मधून एक चीर गेली होती आणि तिच्या कडेनं पाण्याचे थेंब धरले होते.

काकू उंबऱ्यातच थांबल्या. "मशीन इथे कसं?"

"मग कुठे? खिडकीशी तू खाट घालायला लावलीस. मशीनची जागा तीच होती. आता काय डोक्यावर घेऊन शिवू?"

एवढ्याशा खोलीत एक वस्तू हलवली की दुसरीला तिची जागा घ्यावी लागते, हे काकूंच्या ध्यानातच आलं नव्हतं. वन्सं पूर्वी दिवसातले आठ तास त्या डागाखाली निजत असतील, तर आता दहा तास तिथे बसत होत्या, आणि काकूंचीच कापडं शिवत होत्या. सांगायचं होतं. काकूंनी तोंड उघडलंही होतं. वन्सं चष्म्यावरून बघत होत्या, काय म्हणते ते ऐकायला.

"काळाच दोरा वापरताय ना?" काकू म्हणाल्या.

"मग काय लाल वापरू?" वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पायडल मारलं.

आठ राहिली होती. जिना उतरताना काकू पायऱ्या मोजत नव्हत्या, कापडं मोजत होत्या. स्वतःची लाज वाटली त्यांना, खरंच वाटली. पण लाज वाटली म्हणून त्या माघारी वळल्या नाहीत. कळतं पण वळत नाही म्हणतात ते ह्यालाच.

एकोणचाळिसावं कापड वर गेलं तो दिवस उन्हाचा होता. चाळिसावं खाली पातेल्यात वाफेवर होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते, नवरा पेपर तोंडावर घेऊन पडला होता. वरून आवाज आला. फार मोठा नाही, कुणी गव्हाचं पोतं टाकावं तसा, आणि पाठोपाठ पाणी कोसळल्याचा. नवरा दचकून उठला आणि "काय झालं?" म्हणाला. काकूंनी विचारलं नाही. त्या आधीच जिन्यात होत्या.

जिन्यावरून पाणी पायरी पायरीनं खाली येत होतं, चहासारखं तपकिरी. चौथ्या मजल्यावर दार अर्धवट उघडून अडकलं होतं. आत धूळ आणि वरून आभाळ दिसत होतं. मशीनचं लोखंडी डोकं मध्ये आलं म्हणून वन्संचं डोकं वाचलं, असं नंतर सगळे म्हणाले. उजवा हात मात्र कोपरापासून खाली, कापडासकट, सिमेंटच्या तुकड्याखाली होता. तो तुकडा उचलायला पाच माणसं लागली. वन्सं शुद्धीवर होत्या आणि ओरडत नव्हत्या. त्या काकूंकडे बघत होत्या.

हात डॉक्टरांना काढावा लागला.

पुढचे तीन दिवस सगळी इमारत बादल्या घेऊन हौदावर उभी होती. अध्यक्ष प्रत्येकाला सांगत होते, की असं अचानक काही होईल ह्याची कुणाला कल्पना. नवरा दवाखान्याच्या बाकावर बसून हातातली टोपी उलटसुलट करायचा आणि म्हणायचा, "मी लेथवाला. मी एकदा तरी वर जाऊन बघायला हवं होतं. माझीच चूक." काकू शेजारी बसायच्या आणि खाली बघायच्या. नवऱ्याला असं बोलताना ऐकणं त्यांना सोसवत नव्हतं, आणि त्याला गप्प करायला एकच वाक्य पुरेसं होतं, तेही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी नवरा औषधं आणायला गेला. दवाखान्याच्या खोलीत दोघीच होत्या. वन्सं छताकडे बघत होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तू खाट ओढायला आलीस ती उगाच नाही. उगाच घाम गाळणाऱ्यातली तू नाहीस."

काकूंनी पाण्याचा पेला उचलून दुसरीकडे ठेवला.

"ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"कधीपासून?"

"सव्वीस झाली होती तेव्हापासून."

प्रत्येक काठ वन्संनीच घातला होता, त्यांना मोजायला वेळ लागला नाही. "म्हणजे तेरा," त्या म्हणाल्या. "तेरा वेळा तू मला ते कापड वर धाडलंस."

"हो."

काकूंना वाटलं, आता ह्या ओरडतील, रडतील, आणि ते बरं होईल. वन्सं ओरडल्या नाहीत. त्यांनी डाव्या हातानं चादर छातीपर्यंत ओढली. एका हातानं ती सरळ येईना.

"दादाला बोललीस?"

"नाही. आज सांगते. आत्ता आला की सांगते."

"सांगायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "तो तुला घराबाहेर काढील. मग माझी वेणी कोण घालणार? मला न्हाऊ कोण घालणार, बटणं कोण लावणार? मला आता जन्मभर माणूस लागणार आहे, वहिनी. ते माणूस तू. त्याला एक अक्षर सांगायचं नाही, आणि मी मरेपर्यंत हे सगळं तू करायचं."

जिन्यात नवऱ्याच्या चपलांचा आवाज आला. काकूंनी डोळे पुसले.

"उशी वर घे जरा," वन्सं म्हणाल्या. काकू उठल्या आणि त्यांनी उशी वर घेतली.